सहावी ओळ

बुधवार, रात्री उशिरा

दिवाळी संपली. डब्यात चिवड्याचा नुसता तळ उरलाय आणि संशोधनाच्या बीज अनुदानाच्या अर्जाला नऊ दिवस. मुदत पुढच्या शुक्रवारची, तिकडच्या म्हणजे ब्रिटनच्या दुपारी ४ ची. परवाच्या रविवारी त्यांनी घड्याळं तासभर मागे घेतली, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, साडेआठ नव्हे. या दिवसांत हा फरक आपल्या फायद्याचा. मार्चअखेरीस तोच उलटा फिरतो आणि एका तासापायी लोकांचे अर्ज बुडतात.

तर घड्याळाचं काही नाही. झोप उडाली ती अंदाजपत्रकाच्या सहाव्या ओळीनं.

एडिंबराच्या सहकारी बाईंनी तक्ता पाठवलाय, नेहमीसारखा नीटनेटका. एकूण १०,००० पौंड, बारा महिने. विमानभाडं एक ओळ, मुक्काम एक, एडिंबरातल्या कागदांच्या प्रती काढणं एक, कार्यशाळा एक, संकेतस्थळ ९०० पौंड ही पाचवी. आणि मग सहावी : ‘लोकल सपोर्ट, नागपूर’, ६०० पौंड. मी त्या ओळीत आहे. गडचिरोलीपण त्याच ओळीत. गाडी, गाणारे, गाणं ऐकून कागदावर उतरवणारी पोरं, अख्खा विदर्भ एका ओळीत बसवलाय. वर भूमिकांच्या रकान्यात त्यांच्या नावापुढे ‘प्रमुख संशोधक’ आणि माझ्यापुढे ‘लोकल पार्टनर’.

लोकल. शिवी नाही काही. मुंबईवाल्यांना लोकल म्हटलं की गाडी आठवते, आपल्याकडे लोकल म्हणजे कंपनीचं नसलेलं. चार्जर लोकल, पंखा लोकल.

आणि विषय तरी कोणता? नागपूरचा स्कॉटिश मिशनरी हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात गेला. त्याचे मागे राहिलेले कागद रिचर्ड टेंपलनं १८६६ मध्ये संपादून छापले. त्यात लिंगोचं, म्हणजे गोंडांच्या आद्यपुरुषाचं गीत आहे, गोंडी शब्द रोमन अक्षरांत, सोबत इंग्रजी अर्थ. ते आज परधान, म्हणजे गोंडांचे परंपरागत गायक, गातात त्याच्याशी ओळीला ओळ लावून बघायचं, आणि चर्च ऑफ स्कॉटलंडच्या परदेशी मिशनचे जे कागद तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत त्यांत आणखी काही सापडतं का ते शोधायचं, एवढाच प्रकल्प. कान इथले, खोकी तिथली. रोमनमध्ये उतरवलेल्या गोंडीत कुठला ‘ट’ आणि कुठला ‘त’ हे एडिंबरात बसून कोण सांगणार? मग खोकी उघडणारी प्रमुख आणि कान देणारे लोकल, काहून बाप्पा?

तो आपला विद्यार्थीही आता तिथेच आहे. त्याचं नाव तिसऱ्या ओळीत, तासांच्या हिशेबानं. असो.

फॉर्मनंही दुपारीच डिवचलं होतं. ‘प्रदेश निवडा’ : दक्षिण आशिया, मग भारत, मग पश्चिम भारत. नागपूरचा झिरो माइलचा दगड पश्चिमेला! मध्य प्रांत १८६१ मध्ये झाला, त्याची राजधानी हेच गाव होतं, १९५६ च्या पुनर्रचनेत तो फुटला. आता तो कुठल्या यादीत सापडणार? गोंडी तर सहा राज्यांत पसरलेली, २०११ च्या जनगणनेत सुमारे २९.८ लाख बोलणारे, पण भाषांच्या यादीत ती ‘अन्य’मध्येच. ‘अन्य’ निवडलं की खाली चौकट उघडते. ती रिकामी ठेवली तर अर्ज पुढे सरकत नाही आणि का सरकत नाही तेही सांगत नाही. तिथे भाषेचा तीन अक्षरी कोड ‘जीओएन’ टाकायचा.

मूळ भाषेतलं शीर्षक ८० कॅरेक्टरांत हवं. इथे सगळे फसतात. ‘विदर्भ’ दिसायला तीन अक्षरं, यंत्र मोजतं सहा : व, वेलांटी, द, र, हलन्त, भ. म्हणजे ८० म्हटलं की हाती चाळीस-पन्नास अक्षरं येतात. शीर्षक आधी बाहेर लिहून कॅरेक्टर मोजायचे, मगच चिकटवायचं. नाहीतर शेवटचा शब्द कापला जातो आणि कळत नाही. आणि पीडीएफचं पूर्वदर्शन पाहिल्याशिवाय पाठवायचं नाही. रफार तुटून ‘विदर्‌भ’ झालेलं मी पाहिलंय. ही वाक्यं मी चिडून लिहितेय, पण खरी आहेत.

परत सहावी ओळ.

संध्याकाळी बाईंना पत्र लिहायला घेतलं. सभ्य, पण जरा टोचेल असं. की भूमिका ‘सह-प्रमुख संशोधक’ करावी, आणि पैशाची विभागणी ज्ञानाच्या वाट्याप्रमाणे असावी. ‘ज्ञानाच्या वाट्याप्रमाणे’वर मी फार खूश होते. मग संदर्भासाठी जुना पत्रव्यवहार उघडला आणि ऑगस्टमधलं आपलंच पत्र सापडलं. आपल्याच ऑफिसातून गेलेलं, मोठ्या बाबूंचा मसुदा, वर जावक क्रमांक, खाली सही-शिक्का : संस्थेस आर्थिक बाबींत गुंतवू नये, सहकार्य व्यक्तिशः राहील.

म्हणजे बाईंनी काय करायचं होतं? संस्था पार्टनर म्हणून नको, पैसा खात्यावर नको, सही नको. उरतं काय? लोकल सपोर्ट.

बाबूंचंही चुकलं म्हणता येत नाही. संस्था पार्टनर झाली की तिकडून तपासणीची यादी येते : नोंदणी प्रमाणपत्र, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, बँकेचं पत्र, लाचविरोधी धोरण, सुरक्षिततेचं धोरण. शेवटच्यासाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत तक्रार समितीचा आदेश इंग्रजी करून लावला की बहुधा भागतं, पण समितीची मुदत तीन वर्षं. संपलेला आदेश लावला की पहिला प्रश्न त्याचाच. आणि पैसा आला की एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा. नोंदणी पाच वर्षांची, नूतनीकरण एफसी-३सी वर. नोंदणीच नसेल तर त्या एका अनुदानापुरती पूर्वपरवानगी, एफसी-३बी. २०२० च्या दुरुस्तीपासून पैसा आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर चालत नाही. नोंदणी असलेली संस्थाही दुसरीला तो पैसा पुढे देऊ शकत नाही, त्यामुळे ‘ओळखीच्या ट्रस्टच्या खात्यात घेऊ’ हा आपला आवडता मार्ग बंद. आणि वर्षभरात एक रुपया आला नाही तरी एफसी-४ भरायचाच, वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत. कायद्यानं स्थापन झालेल्या, कॅगकडून तपासणी होणाऱ्या सरकारी संस्थांना सूट आहे. आपण त्यात नाही. एवढं सगळं एवढ्याशा वाट्यासाठी कोण अंगावर घेईल? तेही दिवाळीच्या सुट्टीत, जेव्हा नोटशीट ठेवायला टेबलावर माणूस नाही आणि सर गावी गेलेत.

तेव्हा पैसा तिकडेच राहणार, तिकिटं तेच काढणार, बिलं तेच भरणार. हे मला जूनपासून माहीत होतं. तरीही शब्द लागला. पैशाला लोकल म्हणा, पण मला कशाला, असं काहीसं. हे वाक्य उद्या सकाळी वाचलं तर हसू येईल.

तरी पत्र पाठवायचं ठरवलं, कारण भूमिका आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसा एका खात्यावर ठेवूनही दोघं सह-प्रमुख असू शकतात. नियमांच्या पुस्तिकेत तसं लिहिलंय, पान ४, आम्ही दोघींनी वाचलं नव्हतं. उलट बीज अनुदानाला परीक्षक हेच बघतात : दोन्हीकडे प्रश्न आहे का, की एकीकडे प्रश्न आणि दुसरीकडे फक्त जागा. आणि पुढे काय, हे. बियाणं पेरायला दिलं तर उगवून पुढच्या मोठ्या अर्जाचं पीक येणार का, एवढंच त्यांना हवं असतं. मागच्या वर्षी आपण १० हजारांत शब्दकोश, माहितीपट आणि परिषद असं तिन्ही घातलं होतं, कोरडवाहू जमिनीत ऊस. यंदा दुबार पेरणी : दहा तासांचं ध्वनिमुद्रण, गीताचे दोन पाठ समोरासमोर, एक कार्यशाळा. बस.

पत्राला आकड्यांचा आधार हवा म्हणून ६०० पौंडांची फोड मांडलेला माझा सप्टेंबरचा कागद काढला. दर ११७ धरलेला, म्हणजे ७०,२०० रुपये. गाडी १२ दिवस, दिवसाला ३,५०० : ४२,०००. एक तासाचं गाणं उतरवायला दहा तास लागतात (जुन्या गोंडीला जास्तच, पण धरले दहा), दहा तासांचं गाणं म्हणजे शंभर तास, तासाला २५० : २५,०००. झाले ६७,०००. मग शेवटी, पेन्सिलनं, माझ्याच अक्षरात :

स्थानिक मदत, ६ × ५०० = ३,०००. उरले २००.

सहा जण. गाणारे. दादा आणि त्यांची माणसं.

स्थानिक मदत. इंग्रजीतसुद्धा नाही, आपल्या सरळ मराठीत. गाडीला ३,५०० रोज आणि ज्याच्या गळ्यात गीत आहे त्याला एकदाच ५००, कारण गाडीवाला दर सांगतो आणि दादा सांगत नाहीत. दीडशे वर्षं आपण ‘हिस्लॉपचं लिंगोगीत’ म्हणतोय, मी वर्गात म्हणते, लेखात म्हणते. हिस्लॉप कुठे गायला होता?

तासभर नुसती बसून राहिले. पंखा लोकल आहे, घर्रघर्र करतो.

मग कामाला लागले, कारण दुसरं करणार काय. पत्रातलं ‘ज्ञानाच्या वाट्याप्रमाणे’ खोडलं. बाईंना सुचवलंय की संकेतस्थळाची ओळ काढून टाकू. प्रकल्प संपला की दोन वर्षांत कुणी भाडं भरत नाही आणि पत्ता मरतो. त्यापेक्षा झेनोडो, संशोधनाचं साहित्य ठेवायचं खुलं ऑनलाइन भांडार : एका नोंदीला ५० जीबीपर्यंत फुकट, कायमचा क्रमांक मिळतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ मुद्रण तासाला साधारण १ जीबी. दहा तास १०-११ जीबीत बसतात. संकेतस्थळाचे ९०० सहाव्या ओळीत आले की १,५०० पौंड, ११७ नं १,७५,५००. गाडी आणि ड्रायव्हरचा भत्ता ४८,०००. उतरवणाऱ्यांना तासाला ४००, म्हणजे ४०,०००. गाणाऱ्यांना सहा जण, चार दिवस, २,००० रोज : ४८,०००. उरलेल्या ३९,५०० मधून त्यांचं नागपूरच्या कार्यशाळेला येणं-राहणं, आणि दराच्या चढउताराला ५ टक्के उशी. पैसा मंजुरीनंतर कित्येक महिन्यांनी हलतो, तोवर दर तोच राहत नाही. या तिन्हींच्या तीन ओळी केल्या. ‘सपोर्ट’ शब्द कुठेच नाही.

बाईंच्या व्हिसाचं पत्रही आत्ताच घालायला हवं. पर्यटक व्हिसावर येऊन रेकॉर्डर काढायचा नाही. संशोधन व्हिसा, त्याला इथल्या संस्थेचं संलग्नतेचं पत्र, म्हणजे पुन्हा सर, पुन्हा शिक्का. सोमवारी बघू.

एवढं करून नैतिक मंजुरीचा फॉर्म उघडला, आणि तिथे आणखी गंमत. ‘सहभागींची ओळख’ : पहिल्याच पर्यायावर आधीच टिक आहे, नावं गाळली जातील. संरक्षण म्हणून. दुसरा पर्याय, संमतीनं नाव द्यायचं, निवडला तर कारण लिहायचं १५० शब्दांत, संमतिपत्र गोंडीत करायचं, आणि ज्याला वाचता येत नाही त्याची तोंडी संमती मुद्रित करून ठेवायची. म्हणजे नाव गाळायला कारण लागत नाही, लावायला लागतं. मी दुसरा निवडला. ८७ शब्द झालेत.

पण निवडणारी मी कोण? गडचिरोलीत एटापल्लीकडे कुणाला नाव छापून यायला नको असेल, तर त्यालाही कारणं आहेत, ती मला नागपुरात बसून काय कळणार. आधी विचारायला हवं होतं. नाव लावायचं का, लावायचं तर कसं, आडनावासकट की गावासकट, आणि नावापुढे काय म्हणायचं ते त्यांनीच सांगावं.

सव्वाअकरापर्यंत दादांना तीनदा फोन लावला. लागत नाही. उद्या बाजाराचा दिवस, रस्त्यावर आले की रेंज येते. दहानंतर लावते.