सावलीतले फर्न: मे महिना पार पडला

फोंड्याला आमच्या घरामागे फणस नि आंब्याखाली दिवसभर सावली असते, तिथं गवतसुद्धा धड येत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी फर्न लावायला घेतले. आता पहिला पाऊस पडून गेलाय, तर काय काय टिकलं ते लिहून ठेवते.

मला भीती होती ती पावसाची, पण आमच्याकडे फर्नला खरा त्रास होतो तो फेब्रुवारीत सकाळी घाटाकडून येणाऱ्या सुक्या वाऱ्याचा. पहिल्या वर्षी बोस्टन फर्नची टोकं पंधरा दिवसांत तपकिरी झाली, मी घाबरून रोज पाणी घालत सुटले आणि मुळं कुजली, कुंडी पालथी केली तर नुसता काळा चिखल नि वास. फार वाईट वाटलं. माती चिंब नको, हवा दमट हवी. यंदा सगळ्या कुंड्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) गडग्याच्या, म्हणजे कुंपणाच्या भिंतीच्या आडोशाला एकमेकींना खेटून ठेवल्या, चिरा पाणी शोषून धरतो, दुपारी गडग्यावर पाणी मारलं की संध्याकाळपर्यंत तिथं गारवा. मातीत सोडणांचा (नारळाच्या सालांचा) भुसा, कुजलेला पाला नि चिऱ्याचे बारीक खडे. मेमध्ये एकही कुंडी गेली नाही!

बर्ड्स नेस्ट फर्न फणसाच्या बुंध्यालाच काथ्याने बांधलाय. वरून फणसाची पानं त्याच्या मधल्या खोबणीत पडायची, मी ती रोज वेचून काढायचे, मग लक्षात आलं की रानात तो झाडांवर असाच पाला साठवून जगतो, तेच त्याचं खत. आता हात लावत नाही.

हंसराज हा फर्न मात्र बारमाही हिरवा राहत नाही हे आधीच सांगते. उन्हाळ्यात वरचा सगळा सुकतो, मेला म्हणून कुंडी रिकामी करू नका, पाऊस लागला की परत फुटतो, आणि त्याच्या पानाचं टोक मातीला टेकलं की तिथंच मुळं धरून नवं रोप होतं. बाशिंग नावाच्या फर्नचीही मोठी हिरवी पानं सुक्या दिवसांत गळतात, बुंध्याला चिकटलेली तपकिरी पानं तेवढी राहतात.

या वर्षीचा खरा आनंद बीजाणूंचा, म्हणजे बियांऐवजी फर्न ज्यांतून उगवतो त्या बारीक कणांचा. विहिरीच्या आतल्या भिंतीवर टेरिस व्हिटाटा नावाचा फर्न आपोआप आलाय, त्याच्या पानाच्या मागे दोन्ही कडांनी तपकिरी रेघ असते. ऑक्टोबरात एक पान कागदाच्या पाकिटात ठेवलं, सकाळी तळाशी बारीक भुकटी. मिठाईच्या पारदर्शक दोन डब्यांत पेरली. एकातली माती उकळत्या पाण्याने भिजवायची राहिली, त्यात पांढरी बुरशी आली, तो गेला. दुसऱ्यात दीड महिन्याने हिरवा थर धरला, मग त्यातून करंगळीच्या नखाहून लहान, बदामाच्या आकाराच्या चकत्या. यांच्यावर पाण्याचा पातळ थर लागतोच, कारण चकत्यांवरच्या नरपेशी त्यातून पोहत स्त्रीपेशीपर्यंत जातात, म्हणून रोज उकळून गार केलेल्या पाण्याचा फवारा. फेब्रुवारीत एका चकतीच्या खाचेतून इवलंसं पान वर आलं, मी घरातल्या सगळ्यांना हाक मारून दाखवलं!

आज अकरा रोपं आहेत, सगळ्यात मोठं चार बोटं उंच. चतुर्थीच्या आधी गडग्याच्या फटींत लावणार, चुन्याच्या भेगांत तो चांगला धरतो म्हणून फटीत थोडा जुना चुना टाकून ठेवलाय.