बाटलीला दिसणारी रेषा

कोकणात दावा लावायला दोन भाऊबंद आणि मधला एक गडगा पुरतो. गडगा कसला, धोंडे नुसते एकावर एक रचलेले, ना माती ना चुना. मिरगाच्या पावसात चार धोंडे ढासळतात, परत लावताना वीतभर सरकतात आणि कपाटातला सातबारा बाहेर येतो. आमच्या वाडीत अशाच एका गडग्यावर माड कलला आहे. मूळ अलीकडच्या काकांचं, शेंडा पलीकडच्यांच्या परड्यात. मोजणीवाले येऊन खुणा घालून गेले. पलीकडच्या काकांचं म्हणणं एवढंच, "मूळ खंय ता नको सांगू, नारळ पडतत खंय ता बघ."

काकांना ठाऊक नाही, पण कायदा त्यांच्या बाजूनं वळवता येईल. १९४४ च्या शिकागो करारानं प्रत्येक देशाला आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण सत्ता दिली. तो नियम वाडीला लावला तर नारळ काकांचेच.

शाळेत शिकवतात की नदी ही नैसर्गिक सीमा. तेरेखोलची खाडी बघायला अगदी पुस्तकातली: उत्तरेला महाराष्ट्र, दक्षिणेला गोवा. पण तेरेखोलचा किल्ला उत्तर तीरावर, आमच्या रेडीच्या अंगाला आहे आणि तरी तो गोव्याचा. सावंतवाडीकरांकडून १७४६ साली पोर्तुगीजांनी तो घेतला, तेव्हापासून नदीचं कोणी ऐकत नाही. गोव्यातून तिथे जायचं तर केरीहून फेरीबोट. पाय जमिनीवरच ठेवायचे तर महाराष्ट्रातून वळसा. या एका रेषेनं दर्जे तरी किती बदलले! १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ती भारत आणि पोर्तुगालची हद्द होती. मग ती राज्य आणि केंद्रशासित प्रदेश यांच्यामधली झाली. १९६७ च्या जनमत कौलात गोव्यानं महाराष्ट्रात यायचं नाकारलं म्हणून ती पुसली गेली नाही, आणि १९८७ पासून ती दोन राज्यांमधली आहे. एवढं होऊनही खाडी जागची हलली नाही.

मला गंमत वाटते ती ही की ही रेषा सगळ्यांना दिसत नाही. सोयरिकीला दिसत नाही. पेडण्याची सून वेंगुर्ल्यात नांदते आणि भांडतेही आपल्याच बोलीत. दशावतारी मंडळींना दिसत नाही. उच्च न्यायालयालाही दिसत नाही, कारण मुंबईच्या न्यायालयाचंच खंडपीठ गोव्यात बसतं. बाटलीला मात्र लांबून दिसते! दारूवरचा कर हा राज्याचा विषय, त्यामुळे बांद्याच्या नाक्यावर डिकी उघडायला सांगितली की पाहुणचाराला आणलेली काजूची फेणी एकदम परराज्यातली होते. त्याच डिकीतली केरीची सुंगटं तशीच पुढे जातात. त्यांना कोणी काही विचारत नाही.

समुद्रात तर गडगाही नाही. १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, देशाचा प्रादेशिक समुद्र. पुढे २०० मैलांपर्यंत मासळीवर आणि तळाखालच्या तेलावर हक्क आपला, पण जाणारं-येणारं परकं जहाज अडवता येत नाही. शिवाय १२ मैलांच्या आतली मासेमारी राज्याच्या कायद्याखाली, बाहेरची केंद्राच्या. पूर्वी तांडेल खोली वावांत मोजायचा, आता जीपीएसकडे बघतो. बांगडा दोन्हींकडे बघत नाही. बाहेरचे ट्रॉलर आत आले म्हणून बंदरावर बोंब होते तेव्हा भांडण खरं त्या न दिसणाऱ्या रेषेवरून असतं आणि ते गडग्याच्या भांडणापेक्षा कडू असतं, कारण इथे मोजणीवाला बोलवायची सोय नाही.

देश म्हणायला मुलूख लागतो, माणसं लागतात, सरकार लागतं आणि सार्वभौम सत्ता लागते. राष्ट्राचं तसं नाही. कुर्द लोक तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरियात विखुरलेत. स्वतःला एक मानतात, पण स्वतःचा देश नाही. आमच्याकडे हा प्रयोग आचऱ्याला होतो. रामेश्वराचा कौल मिळाला की गावपळण: गुरंढोरं, कोंबड्या, म्हातारेकोतारे घेऊन सगळा गाव वेशीबाहेर माळावर. तीन दिवस, तीन रात्री घरं ओस आणि झोपड्यांत भजनं. मुलूख आत, माणसं बाहेर. अशा वेळी आचरा नक्की कुठे असतो म्हणाल तर माझ्या मते माळावर. महसूल खात्याचं मत वेगळं असणार.