कुर्ला ते चिर्ले, लान्सरमधून

सीएसटी रोडवर शटरं वर गेली की आधी बंपर बाहेर टांगले जातात, मग हेडलाइट, दारं, रेडिएटर. मामेभावाची मित्सुबिशी लान्सर इथल्याच एका मिस्त्रीकडे होती. ती घेऊन अटल सेतूवरून चिर्ल्यापर्यंत जाऊन यायचं, एवढाच बेत.

गाडी दीड लिटर पेट्रोलची, हिंदुस्थान मोटर्सने 1998 पासून तिरुवळ्ळूरला बांधली त्यातली. अंगावर साज मात्र इव्होल्यूशन 6 चा, म्हणजे लान्सरच्या रॅलीसाठी बांधलेल्या सहाव्या अवताराचा: मोठ्या तोंडाचा बंपर, बोनेटवर जाळ्या, डिकीवर दोन पात्यांची विंग. सगळं फायबरचं. पण नातं खरं आहे. इव्होल्यूशन 4, 5 आणि 6 ज्या पिढीच्या लान्सरवर बांधल्या, तीच पिढी आपल्याकडे विकली गेली. फिनलंडचा टॉमी मॅकिनेन 1996 ते 1999 सलग चार वेळा रॅलीचा जगज्जेता झाला, त्यातली शेवटची तीन अजिंक्यपदं याच सांगाड्यावरची. त्या वेळच्या ग्रुप ए नियमाप्रमाणे रॅलीत उतरवायची गाडी आधी अडीच हजारांच्या संख्येने बांधावी लागे. म्हणून ती विंग, त्या जाळ्या लोकांच्या दारात आल्या, आणि त्यांच्या नकला कुर्ल्यात.

चेंबूरच्या दिशेने निघालो आणि दुसऱ्याच सिग्नलला टेम्परेचरचा काटा चढायला लागला.

"दादा, एसी बंद करतो," भाऊ म्हणाला.

या गाडीच्या वारशाबद्दल बोलताना सगळे विंगेबद्दल बोलतात. मला तिचं खरं मोठेपण हवा आत घेण्यात आणि बाहेर सोडण्यात दिसतं. इव्होल्यूशनचं टर्बो इंजिन, म्हणजे जास्तीची हवा दाबून भरणारं, प्रचंड तापतं. समोरून आत आलेली हवा रेडिएटरमधून गेल्यावर कुठून तरी बाहेर पडायला हवी, नाहीतर ती बोनेटखालीच कोंडते आणि नव्या हवेला वाट उरत नाही. धावत्या गाडीत बोनेटच्या पुढच्या भागावर हवेचा दाब कमी असतो, विंडस्क्रीनच्या पायथ्याशी जास्त. जाळी पुढे असेल तर आतली गरम हवा वर ओढली जाते. तीच काचेजवळ कापली तर उलट बाहेरची हवा आत घुसते. इव्होल्यूशनच्या बोनेटवरची भोकं हा हिशोब करून पाडलेली आहेत. इव्होल्यूशन 6 मध्ये तर कूलरच्या वाटेत येते म्हणून नंबरप्लेटसुद्धा मध्यावरून बाजूला सरकवली. एका पत्र्याच्या पट्टीने किती हवा अडते याचा विचार करणारी ती माणसं मला फार आवडतात.

भावाच्या बोनेटवरच्या जाळ्या नुसत्या चिकटवलेल्या, खाली पत्रा अखंड.

फ्रीवेला लागल्यावर काटा उतरला. शिवडीला वळून सेतूवर चढलो. ओहोटी होती, खाली चिखलाची करडी पट्टी लांबपर्यंत. 21.8 किलोमीटरचा हा पूल, 100 ची मर्यादा, आणि खाडीवरचा आडवा वारा. स्टिअरिंगला तो सारखा जाणवत होता. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: 50 ला जेवढा, 100 ला त्याच्या चौपट, 200 ला सोळापट. म्हणजे भावाच्या विंगेला 100 च्या वेगात थोडंसंच काम होतं. रॅलीत मात्र लांब, वेगवान वळणावर मागची चाकं जमिनीला धरून ठेवण्यासाठी तिची गरज होती. इव्होल्यूशन 5 वर ती ॲल्युमिनियमची होती, तिचा कोन बदलता येई. इव्होल्यूशन 8 वर कार्बन फायबरची आली.

छपराच्या मागच्या टोकाला भावाने दातऱ्यांची रांगही लावली आहे. मित्सुबिशीच्या इंजिनिअरांनी इव्होल्यूशन 8 साठी असल्या दातऱ्यांवर संशोधन केलं होतं. मागच्या काचेवर उतरताना हवा पत्र्यापासून सुटते. त्याच्या थोडं आधी या दातऱ्या लहान भोवरे उठवतात आणि हवा जास्त वेळ चिकटून राहते. ड्रॅग (गाडीला मागे खेचणारा हवेचा जोर) आणि लिफ्ट (वर उचलणारा), दोन्ही गुणांक 0.006 ने कमी झाले. आकडा लहान आहे, पण एवढ्याशा वस्तूने दोन्ही बाजूंनी फायदा मिळणं विरळा. कुर्ल्यात हीच दातरी दीड हाताच्या पट्टीत मिळते आणि लोक ती पार छपराच्या मध्यावर चिकटवतात. तिथे हवा सुटतच नाही, मग भोवरे काय करणार?

चिर्ल्याला चहा घेताना बोनेट उघडलं. हात धरवत नव्हता.

"कापायचं का खरंच?" भावाने विचारलं.

"काप. पण काचेपासून लांब, रेडिएटरच्या लगेच मागे. आणि खाली पन्हळ लाव, नाहीतर पावसाळ्यात सगळं पाणी वायरिंगवर."

"आणि विंग?"

"विंग राहू दे."

त्याने खिशातून खडू काढला आणि बोनेटवर दोन चौकोन आखले. मागचा मी पुसायला लावला.