अण्णांची पेन्शन

इंदूर, 16 नोव्हेंबर 2025, रविवार

काल अण्णांचा तेरावा झाला. आज घरात पाहुणे कमी आणि भांडी जास्त. दुपारी माईच्या, म्हणजे आजीच्या, खोलीत अण्णांची कागदांची ट्रंक उघडून बसले होते. आता माईच्या नावाने पेन्शनचे कागद लावायचे आहेत, आणि घरात ते काम माझ्याकडेच येणार हे न विचारता ठरलेलं.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. 1932 चा जन्म, होळकरांच्या राज्यातला. 1951 ला सैन्यात, सिग्नल्समध्ये लाईनमन, म्हणजे फोनच्या तारा टाकायच्या आणि जोडायच्या. जबलपूरला ट्रेनिंग, मग देशभर बदल्या, आणि 1975 ला सुभेदार म्हणून निवृत्त. नोकरी 24 वर्षं आणि पेन्शन 50! "सरकार माझ्यात बुडालं," असं म्हणून खूश व्हायचे. ऐंशी पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनवर 20 टक्के वाढले, पंच्याऐंशीला 30, नव्वदीला 40. शंभरी गाठली की पेन्शन दुप्पट होते, हा नियम त्यांना पाठ होता. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं की हाच हिशोब ते स्वतःला समजवायचे. सात वर्षं कमी पडली.

हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, पण ऐंशीच्या वरच्यांना 1 ऑक्टोबरपासून देता येतो. अण्णा पहिल्या आठवड्यातच मागे लागले. बोटांच्या रेषा झिजल्यामुळे मशीन त्यांचा अंगठा घेईना, तेव्हापासून आम्ही मोबाईलवर चेहऱ्याने करतो. त्यासाठी दाढी, कडक शर्ट, टाय. कॅमेऱ्यासमोर असे ताठ बसायचे की ॲप डोळे मिचकवा म्हणतंय आणि हे पापणीसुद्धा हलवत नाहीत. "अण्णा, मिचकवा ना!" "परेडमध्ये डोळे मिचकवत नाहीत." शेवटी माईने समोर टाळी वाजवली आणि दाखला मिळाला. म्हणजे सरकारदरबारी अण्णा अजून वर्षभर हयात आहेत. उद्या ते मलाच खोडून यायचंय.

काल काका बोलायला उभे राहिले. रणांगण, शत्रू, छातीवर गोळ्या झेलणारे वगैरे. अण्णांनी गोळी झेलली नव्हती, तसा दावाही कधी केला नव्हता. ट्रंकेत समर सेवा स्टार आहे, 1965 चं रक्षा मेडल आहे, 71 चे पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल आहेत. जे जे तिथे होते त्यांना मिळालेली ही पदकं. शौर्याचं एकही नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

65 च्या सप्टेंबरात ते पंजाबात खेमकरणच्या बाजूला होते. असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानचे पॅटन रणगाडे अडकावेत म्हणून शेतांत पाणी सोडलं होतं. सगळे त्या पॅटनबद्दल आणि ते फोडणाऱ्या अब्दुल हमीदबद्दल विचारायचे. अण्णा सांगायचे तारेबद्दल. तोफखान्याच्या माऱ्याने तार तुटायची, पण त्याहून जास्त वेळा आपल्याच गाड्यांखाली. रात्री बॅटरी लावायची नाही. तार मुठीत सैल धरायची आणि उसातून, चिखलातून चालत राहायचं; मूठ रिकामी झाली की तिथे तुटलीय. मग दुसरं टोक चाचपडत शोधायचं. लहानपणी त्यांनी मला ती गाठ शिकवली होती. आधी दोन्ही टोकं बांधायची म्हणजे ताण गाठीवर येतो, मग वरचं आवरण दाताने सोलून आतल्या बारीक तारा एकमेकींवर पिळायच्या, वर चिकटपट्टी. पिळताना पोलादी तार बोटात घुसते. मला रक्त आलं तर म्हणाले, "आता जोड पक्का."

भाषणाच्या शेवटी काका म्हणाले की अण्णांनी जन्मभर घराची तार जोडून ठेवली. हॉलभर डोळ्यांना रुमाल. मला मात्र वरच्या मजल्यावरचे धाकटे आजोबा आठवत होते. जिन्यातल्या विजेच्या मीटरवरून दोघा सख्ख्या भावांनी कित्येक वर्षं अबोला धरला होता. रामबागेतल्या त्या एका जिन्यावरून दोघं एकमेकांना ओलांडून जायचे. अण्णा घरात कडकच होते. जेवायला उशीर झाला तर ताट उचललं जायचं, मग भाजी कितीही आवडीची असो. बाबा पन्नाशीचे झाले तरी त्यांच्यासमोर पाय पसरून बसले नाहीत. मला हे प्रेमळ वगैरे वाटत नाही, तेव्हाही वाटलं नव्हतं.

पण काका अगदीच खोटं बोलले असंही नाही. घरात फोन आला तेव्हा अण्णांनी तो स्वतः बसवून घेतला, वायर कुठून न्यायची हे त्या माणसाला सांगत. वर धाकट्यांकडेही लागला. आणि एका रविवारी अण्णांनी खालून वर फोन केला! "हॅलो, मी खालून बोलतोय." तिथून दोघं रोज अर्धा तास बोलायचे, फोनवरच. जिन्यात भेटले की नुसती मान हलवायची.

"समोर बसलेल्याशी त्यांना बोलताच यायचं नाही," माई आज म्हणाली. "जबलपूरहून सुट्टीवर यायचे, खंडव्याला गाडी बदलून छोट्या लाईनीने, कालाकुंडचा कलाकंद घेऊन. महिनाभर घरात गप्प. परत गेले की चार-चार पानांची पत्रं." पत्रं कुठायत विचारलं तर "तुला काय करायचंय" म्हणाली. मी गप्प बसले.

कागदांत एक अडचण निघाली. अण्णांच्या रेकॉर्डमध्ये माईचं लग्नातलं नाव, आधारवर माहेरचं. एवढ्या नेमक्या माणसाने हे सुधारलं नाही. उद्या प्रतिज्ञापत्र करायचं, बँकेत जायचं आणि मग महूच्या लष्करी छावणीत. शहराचं नाव 2003 पासून डॉ. आंबेडकर नगर असलं तरी आमच्या तोंडी महूच. माई म्हणते मीही येणार. सैन्याच्या कॅन्टीनचं कार्ड आता तिच्या नावावर होईल, आणि इतकी वर्षं अण्णा आणायचे तो लाल साबण तिला कधीच आवडला नव्हता.