३०० अंडी नकोत, शांत बदक हवं

बदकं पाळायची ठरवली तेव्हा आईचा व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न, "अगं, कोंबड्या काय संपल्या का तिकडे?" संपल्या नाहीत हो, पण आम्ही राहतो इंग्लंडात, ग्लॉस्टरशरमध्ये, स्ट्राउडजवळ, इथे वर्षातले निम्मे दिवस पाऊस आणि बागेत गोगलगायी, तेही बिनशंखाच्या, काळ्या, बोटभर लांब. दोन वर्षं मी मेथी लावली आणि दोन्ही वर्षं त्यांनी खाल्ली. कोंबडी त्या मोठ्या चिकट प्रकाराला फारशी तोंड लावत नाही. बदकाला मात्र ती मेजवानी.

आता कुठली घ्यायची? मी आधी इंडियन रनरवर अडून बसले, नावातच इंडियन ना, ऑफिसमध्ये सांगूनही टाकलं की आमच्याकडची जात आहे, आणि मग वाचलं तर ती मूळची इंडोनेशियातली, जावा-लोंबोक बेटांकडची, आपला काही संबंध नाही. दिसतात भारी, उभी बाटली चालत यावी तशी. पण भित्री. एक पळालं की सगळी पळतात आणि कुंपणाच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढतात.

मग खाकी कॅम्पबेल. ही तर आमच्या गावकीतलीच म्हणायची, कारण अ‍ॅडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी ती इथून जवळच यूली गावात तयार केली, सव्वाशेएक वर्षांपूर्वी. त्यांच्याकडे एक रनर मादी होती, १९६ दिवसांत १८२ अंडी देणारी, तिला रुआं जातीचा नर, पुढे रानबदकाचं रक्त, असं करत करत ही जात आली. रंग ब्रिटिश सैन्याच्या गणवेशासारखा म्हणून खाकी, म्हणजे नाव शेवटी आपल्याकडच्या 'खाक' म्हणजे मातीवरूनच गेलेलं, हे मी आता ऑफिसात सांगते, इंडियन रनरची भरपाई. चांगली मादी वर्षाला ३०० अंडी देते. नवरा तिथेच फिदा. पण आम्ही एकांकडे बघायला गेलो आणि मी फक्त छत्री उघडली तर अख्खा कळप शेडच्या मागे गायब. आमच्याकडे सात वर्षांचा मुलगा, तो छत्रीपेक्षा जास्त आवाज करतो.

त्याच शेतावर कडेला पाच-सहा फिकट, ठिपक्याठिपक्यांची बदकं होती, ती उलट आमच्याकडे आली, एक तर बुटाची नाडी ओढायला लागली. वेल्श हार्लेक्विन. खाकी कॅम्पबेलचीच लेक आहे, १९४९ मध्ये एअर फोर्समधल्या लेस्ली बॉनेट यांच्या खाकी कळपात दोन फिकट पिल्लं निघाली, त्यातून ही जात झाली. अंडी दोनशेच्या वर आरामात. आम्हाला चार माणसांना इतकी अंडी खायची तरी कुठे आहेत, बदकाचं अंडं मोठं असतं, दोनाची भुर्जी तिघांना पुरते. चार पिल्लं घेतली.

चोचीच्या रंगावरून नर-मादी कळतं असं विकणाऱ्यांनी सांगितलेलं, चारही माद्या आहेत म्हणाले. दीडएक महिन्यात तिघी क्वॅक क्वॅक ओरडायला लागल्या आणि आमची चंपा मात्र घसा बसल्यासारखी घरघर करायची, आम्हाला वाटलं सर्दी, मी हळददेखील काढली होती! पुढे शेपटीवर केसाच्या बटेसारखं कुरळं पीस आलं आणि चंपाचा चंपक झाला. अंड्यांसाठी नर लागतच नाही, आणि तीन माद्यांत एक नर जरा जास्तच, माद्यांच्या मानेची पिसं उपटतो. शेवटी अजून दोघी आणल्या.

बदकाच्या पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा नायसिन, म्हणजे एक बी जीवनसत्त्व, जास्त लागतं, नाहीतर पाय वाकतात, म्हणून खाण्यात ब्रूअर्स यीस्ट मिसळायचो. तळं नाहीये, गवंडीकामाचं मोठं घमेलं आहे, नाकपुड्या बुडतील इतकं पाणी लागतंच, ते रोज बदलायचं आणि रोज तासाभरात त्याचा चहा होतो. आणि उरलेली पोळी घालता येत नाही बरं का! इथल्या कायद्याने स्वयंपाकघरातलं काहीही पक्ष्यांना द्यायचं नाही, घर पूर्ण व्हीगन, म्हणजे दूध-अंडीसुद्धा न आणणारं, असेल तरच चालतं. एक बदक असलं तरी सरकारकडे नोंदणी करायची, हे ऑक्टोबर २०२४ पासून. बर्ड फ्लूमुळे.

आईला हे पटत नाही. शिळी पोळी कचऱ्यात?

खरा त्रास कोल्ह्याचा. बॉनेट यांचा कळपसुद्धा १९६८ मध्ये कोल्ह्यानेच संपवला, आधी दुसऱ्या एकाकडे गेलेल्या बदकांमुळे जात टिकली. कोंबड्या अंधार पडला की आपसूक खुराड्यात जातात, आमच्या बायका जात नाहीत, त्यांना हाकलून, मटार दाखवून आत न्यावं लागतं, आणि जानेवारीत इथे साडेचारला अंधार. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवातून मी तिळगूळ हातात घेऊन साडेतीनलाच उठले, सगळ्या विचारतात काय झालं, म्हटलं बदकं आत घ्यायचीत.