पाकीट उलटून बघा हो
काल शुक्रवार, म्हापशाचा बाजार करून येताना एका सुपरमार्केटात शिरले, फळीवर साबणाच्या पॅकला एक रेट नि बिलात चौदा रुपये जास्त, विचारलं तर म्हणे जुनं लेबल काढायचं राहिलं. पैसे परत दिले, पण बिल न बघताच पिशवी उचलणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं काय? २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हापासून मी प्रत्येक पाकीट उलटून बघते, एमआरपीजवळ बारीक अक्षरात ग्रॅममागे किती पडतं तेपण असतं, खरी तुलना तिथंच होते, ऑफरच्या पिवळ्या कागदावर नाही. कांदे-बटाटे मात्र अजून गोवा सरकारच्या फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरच, सबसिडीमुळे स्वस्त पडतात. आणि तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, बाजारातल्या मावशीकडेच, ती न मागता वर दोन मिरच्या टाकते.