शेकडा एक

मृग लागला. कपाशी टोबायची घाई, आणि त्याआधी बियाण्या-खतासाठी कोणाच्या तरी दारात जायची.

या दिवसांत बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय वाचावा. लोक शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकून धान्य आणतायत, राजाचा कर भरायला कर्ज काढतायत. सावकारही परके नाहीत, भाऊबंदच. ११व्या वचनात नहेम्या ‘शंभरावा भाग’ परत करा म्हणतो. पुष्कळ अभ्यासक त्याचा अर्थ दरमहा शेकडा एक असा लावतात, म्हणजे वर्षाला १२ टक्के. आज महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर एवढंच व्याज घेता येतं. तारण असेल तर ९. नहेम्याला जे खपलं नाही, ती आपली कायदेशीर मर्यादा! गावात शेकडा पाच चालतं. वर्षाचे ६०.

बरं, गहाणखत होतच नाही. सरळ खरेदीखत, ‘पैसे फेडले की शेत परत’ हे फक्त तोंडी. फेरफार होऊन सातबारावर नाव चढलं की ते तोंडही फिरतं. सावकारीत अशी गेलेली जमीन परत मिळवायलाच २०१४च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाचं कलम १८ आहे. अर्ज जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे. व्यवहार १५ वर्षांच्या आतला हवा. खरेदीखताची प्रत, आधीचा आणि नंतरचा सातबारा, फेरफार, पासबुक जोडावं. खतातली किंमत त्या वर्षीच्या रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे सरकारी दरापेक्षा, फारच कमी असेल, किंवा खरेदीनंतरही वहिती मूळ मालकाचीच असेल, तर ते अर्जात पहिल्याच पानावर यावं.

अर्ज फसतो तो वेगळ्याच जागी. परतफेड रोखीत, पावती नाही, आणि साक्षीदार सुनावणीला येत नाही. पुढच्या पेरणीला त्यालाही त्याच दारात जायचं असतं.

नहेम्या संतापला, पण आधी मनाशी विचार केला, मग सरदारांना सभेत जाब विचारला, याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावली. मधेच १०व्या वचनात म्हणतो, मी आणि माझे भाऊही पैसे-धान्य उसनं देतो. हे वचन आपण घाईने ओलांडतो. भिशीचा पैसा व्याजाने फिरवणारे चर्चमध्ये आपल्याच बाकांवर बसतात.

सुनावणीची तारीख सोयाबीनच्या सोंगणीत आली, तर साक्षीदाराचं वावर मंडळीतल्या चौघांनी सोंगून द्यावं. रोख रोजी देऊ नये. समोरची बाजू त्याला विकतचा साक्षीदार म्हणेल.